तीन ते सहा वयोगटाच्या शिक्षणाची मागणी राज्य पातळीवर नेमकी कशी मांडावी?

प्रश्न – नाशिकरोडची एक पालक

नमस्कार. नाशिक शहरातील आणि आसपासच्या गावांतील काही पालक, दोन-तीन निवृत्त शिक्षक आणि एक महिला मंडळ यांनी मिळून तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी राज्य सरकारला लेखी निवेदन द्यायचे ठरवले आहे. निवेदन देऊन फोटो काढला आणि विषय संपला, असे आम्हाला होऊ द्यायचे नाही, म्हणून लिहिण्यापूर्वीच जाणकारांचा सल्ला घ्यावा असे वाटले.

आमच्यापैकी काहींची मुले खासगी नर्सरीत जातात, तर काहींची वस्तीतल्या अंगणवाडीत. दोन्हीकडे जे दिसते त्याने आम्ही अस्वस्थ आहोत. एकीकडे साडेतीन वर्षांच्या मुलाला चौकटीच्या वहीत रोज दोन पाने अंक लिहून आणायला सांगतात आणि त्याची बोटे दुखतात म्हणून तो रडला तर सवय होईल असे उत्तर मिळते. दुसरीकडे मुले सकाळी येतात, एखादे बडबडगीत म्हणतात, खिचडी खातात आणि घरी जातात. सेविका ताई मनाने अतिशय चांगल्या आहेत, पण त्यांचे डोके सतत मोबाईलमध्ये किंवा रजिस्टरमध्ये अडकलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते असे नमूद केले आहे आणि २०३० पर्यंत या वयातील प्रत्येक मुलाला दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. ही मुदत आता फार लांब राहिलेली नाही.

आमच्यापुढील अडचणी अशा आहेत. पहिली मागणी कोणती असावी यावर आमचे एकमत होत नाही. कोणी इमारती म्हणते, कोणी मानधन, कोणी अभ्यासक्रम. महिला व बालविकास विभागाकडे जावे की शालेय शिक्षण विभागाकडे, हेही कळत नाही. आमच्यातील एका सदस्यांचा आग्रह आहे की, नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन बालशिक्षणावरील खर्च ही फायद्याची गुंतवणूक आहे अशी सुरुवात करावी. आपणा सर्वांचे मत समजून घ्यायला आवडेल.

उत्तर – निवृत्त पर्यवेक्षिका, दिंडोरी

ताई, हा विषय पालकांनी हाती घेतला याचा मला मनापासून आनंद झाला, कारण अंगणवाडीसाठी आजवर रस्त्यावर आल्या त्या बहुतेक वेळा सेविका आणि मदतनीसच. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला त्यांचा राज्यव्यापी संप पन्नासहून अधिक दिवस चालला, आणि त्या काळात मुलांचे शिकणे थांबले आहे म्हणून पालक मोर्चाने निघाल्याचे माझ्या तरी पाहण्यात आले नाही. आहार थांबला याची चर्चा मात्र सगळीकडे झाली. अंगणवाडीकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो हे त्यावरून समजते.

माझ्या मते आपली पहिली मागणी सेविकेच्या वेळेची असावी. एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत सहा सेवा आहेत: पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला पुढील उपचारासाठी पाठवणे), पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. यांपैकी पहिल्या पाच सेवांचा हिशेब कोणी ना कोणी रोज मागते. सहावीचा हिशेब मागणारे कोणी नाही. वजन घेतले का, घरपोच आहाराचे वाटप झाले का, गृहभेटी किती झाल्या, पोषण ट्रॅकर या मोबाईल ॲपवर हजेरी भरली का, याची विचारणा वरून होते. आज मुले काय शिकली, ही विचारणा मी माझ्या सबंध नोकरीत आढावा बैठकीत फार क्वचित ऐकली. त्यात इतर विभागांचीही कामे येऊन पडतात: सर्वेक्षणे, मतदार यादीचे काम, आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरणे.

माझ्या बीटमधील, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या गटातील, एका अंगणवाडीतला प्रसंग सांगते. सेविकेने परातीत हरभरा, वाल आणि राजमा एकत्र करून मुलांपुढे ठेवला होता आणि मुले तिन्ही धान्ये वेगवेगळ्या वाट्यांत निवडत होती. एका मुलीने धान्याप्रमाणे न निवडता मोठे दाणे एका वाटीत आणि छोटे दुसऱ्या वाटीत टाकले. सेविकेने तिला चुकीचे ठरवले नाही; असे का केलेस, एवढेच विचारले आणि ती मुलगी आपल्या भाषेत कारण सांगू लागली. पूर्वप्राथमिक शिक्षण म्हणजे नेमके काय, ते त्या क्षणी तिथे घडत होते. तेवढ्यात फोन आला की एक माहिती दुपारी बारापूर्वी पाठवायची आहे. सेविका उठली, मदतनीस चुलीपाशी होती, आणि परात तशीच राहिली. तिने दुसऱ्या दिवशी तो खेळ पुन्हा मांडला असेलही, पण असे रोज घडत असेल तर प्रशिक्षण कितीही दिले तरी त्याचा उपयोग काय होणार?

म्हणून निवेदनात स्पष्ट लिहावे की, सकाळचे दोन तास केवळ मुलांसोबतच्या कामासाठी राखून ठेवावेत, त्या वेळेत सेविकेकडून कोणतीही ऑनलाइन माहिती मागवू नये आणि योजनेबाहेरचे काम द्यायचेच असेल तर ते या वेळेनंतर व वेगळ्या मोबदल्यावर द्यावे. या मागणीला इमारत लागत नाही, नवीन पद लागत नाही, आणि एका शासन निर्णयाने ती पूर्ण होऊ शकते.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती, पण अत्यंत महत्त्वाची. दिवाळीनंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांतील कितीतरी कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी आणि निफाडकडे येतात. विरळणीपासून काढणीपर्यंत त्यांचा मुक्काम बागेच्या कडेच्या झोपड्यांत असतो. चार वर्षांची मुलगी धाकट्या भावाची झोळी हलवत तिथेच दिवस काढते. तिचे नाव मूळ पाड्याच्या अंगणवाडीत असते आणि बागेपासून अर्ध्या किलोमीटरवर दुसरी अंगणवाडी चालू असते, तरी ती तिथे जात नाही. स्थलांतरितांचा माग ठेवण्यासाठी राज्याने महाएमटीएस ही प्रणाली आणली आहे, पण तिचा मुख्य उद्देश आहार व आरोग्य सेवा चालू ठेवणे हा आहे. मूल ज्या गावात असेल तिथल्या अंगणवाडीने त्याला वर्गात बसवून घेतलेच पाहिजे, आणि ज्या बागा अंगणवाडीपासून लांब आहेत तिथे हंगामापुरते बागेजवळ केंद्र चालवण्याची तरतूद असावी, ही मागणी नाशिककरांनी नाही करायची तर कोणी करायची?

या मुलांची घरची भाषा कोकणा, वारली किंवा भिल्लांची बोली असते, हेही लक्षात असू द्यावे. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मातृभाषेवर भर दिला आहे. पाड्यावरची सेविका मुलांशी त्यांच्याच भाषेत बोलते, ही आपल्याकडची जमेची बाजू आहे, पण गोष्टींची पुस्तके आणि चित्रतक्ते मात्र प्रमाण मराठीत येतात.

उत्तर – एक वकील, नाशिक

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण मागणी कोणाकडे न्यायची याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना अनुच्छेद २१-क अन्वये शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांचा उल्लेख अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत राहिला, आणि केवळ मार्गदर्शक तत्त्वाच्या आधारे न्यायालयात थेट दाद मागता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ पूर्वप्राथमिक शिक्षणाची मोफत व्यवस्था करण्याची राज्याला मुभा देते, बंधन घालत नाही. याउलट २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि तीन ते सहा वयोगटासाठी आहारातील उष्मांक व प्रथिनांचे प्रमाणही अनुसूचीत लिहून ठेवले आहे. म्हणजे चार वर्षांच्या मुलीच्या ताटात किती प्रथिने असावीत हे कायदा सांगतो. त्या सकाळी तिच्याशी कोणी बोलावे, तिला गोष्ट सांगावी, तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, याविषयी तो काहीच सांगत नाही. आहार आधी आला ते योग्यच झाले, पण शिकणे इतकी वर्षे मागे का ठेवले गेले याचे समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळालेले नाही.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधील २५९ व्या अहवालात सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाचा हक्क घटनेत स्वतंत्र अनुच्छेदाने आणावा आणि कलम ११ मधील मुभेचे रूपांतर बंधनात करावे अशी शिफारस केली होती. केंद्राने ती अमलात आणलेली नाही. मात्र शिक्षण हा विषय १९७६ पासून समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्र स्वतःचा कायदा करू शकतो. रोजगार हमीचा कायदा आपण १९७७ मध्ये केला, देशाने तो २००५ मध्ये स्वीकारला. माहिती अधिकाराचा कायदाही महाराष्ट्रात २००२ मध्ये, केंद्राच्या तीन वर्षे आधी आला. त्यामुळे केंद्राची वाट पाहावी लागेल असे कोणी सांगितल्यास ही दोन उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवावीत.

विभागांचा प्रश्न किचकट आहे. अंगणवाड्या महिला व बालविकास विभागाकडे आहेत, तर शालेय अभ्यासक्रम आणि शिक्षक प्रशिक्षणाचे काम शालेय शिक्षण विभाग व पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांच्याकडे आहे. खासगी नर्सऱ्या बराच काळ कोणाच्याच थेट अधिकारात नव्हत्या; २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने त्यांना पोर्टलवर माहिती नोंदवण्यास सांगितले. निवेदन मुख्य सचिवांना द्यावे, प्रती दोन्ही विभागांच्या सचिवांना द्याव्यात आणि तीन ते सहा वयोगटाच्या शिक्षणासाठी एकच उत्तरदायी अधिकारी निश्चित करण्याची मागणी करावी.

एक अधिकार मात्र आजही आपल्या हातात आहे. १३ डिसेंबर २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू झाली पाहिजे. सातपूर आणि अंबडच्या कामगार वस्त्यांमध्ये अशी मुले मोजून अर्ज देणे हे काम उद्यापासून करता येईल.

उत्तर – बालवर्ग चालवणारी शिक्षिका, इंदिरानगर

मी स्वतः खासगी बालवर्ग चालवते आणि नियमन आले पाहिजे या मताची आहे. दुकान उघडावे तशी आज कोणीही नर्सरी उघडू शकते, आणि पालकांना खूश करण्यासाठी मुलांना लिहायला बसवले जाते, हे आमच्याच क्षेत्राचे वास्तव आहे. प्रश्न विचारणाऱ्या पालकांनी लिहिलेली दोन पानांची गोष्ट खरी आहे, पण पालकही रिकामी वही पाहून अस्वस्थ होतात, आणि बैठकीला आलेल्या पालकांना मातीकाम, रांगोळीचे ठिपके किंवा मणी ओवणे ही लेखनाचीच पूर्वतयारी आहे हे पटवताना आमची फार शक्ती खर्च होते. त्यामुळे आपल्या गटाने सरकारपुढे जाण्याआधी शहरातल्या पालकांसाठी चार सभा घेतल्या तर त्या निवेदनाइतक्याच मोलाच्या ठरतील.

नियमन कशाचे असावे याबद्दल मात्र मला काळजी वाटते. चौरस फूट, कॅमेरे आणि अग्निशमन दाखला एवढेच तपासले गेले तर मोठ्या कंपन्यांच्या शाखा सहज उत्तीर्ण होतील आणि झोपडपट्टीत एका खोलीत पंधरा मुलांना जीव लावून शिकवणारी बालवाडी बंद पडेल. सुरक्षितता हवीच, त्यात तडजोड नको. पण तपासणीत दिवसाचे वेळापत्रक पाहावे, मुले बोलतात की गप्प बसवलेली असतात ते पाहावे, आणि एका शिक्षिकेमागे किती मुले आहेत ते मोजावे. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करणाऱ्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी, आणि ते काम पुढे कोसबादला नेणाऱ्या अनुताई वाघांनी, महागड्या साहित्याशिवाय दर्जा कसा राखायचा हे याच राज्यात दाखवून दिले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात न्यावी, हा त्यांचा मार्ग होता. पर्यवेक्षिका ताईंनी द्राक्षबागेजवळच्या केंद्राची जी सूचना केली आहे ती त्याच वाटेवरची आहे.

उत्तर – जिल्हा परिषदेत लेखा विभागात काम केलेले एक सदस्य

वरील चर्चा चांगली झाली आहे. पैसा आणि वेळापत्रक या दोन गोष्टींची भर घालतो, कारण योग्य मागणी चुकीच्या महिन्यात केली तर तिला उत्तर सहसा पुढच्या वर्षीच मिळते.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या आगेमागे तयार होऊ लागतात. त्यामुळे निवेदन सप्टेंबरपर्यंत मंत्रालयात पोहोचायला हवे. फेब्रुवारीत दिलेल्या निवेदनाची पोच मिळते, तरतूद मिळत नाही. त्यानंतर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपल्या जिल्ह्यातील आमदारांकडून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना यावी यासाठी प्रयत्न करावेत. नाशिक जिल्ह्यात वेगवेगळ्या पक्षांचे आमदार निवडून येतात. सर्वांना एकच मसुदा द्यावा, म्हणजे हा विषय कोणा एका पक्षाचा राहणार नाही. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीचा मार्गही खुला आहे, आणि त्याचा वापर फार कमी लोक करतात.

जिल्हा पातळीवरही पैसा आहे, आणि तो मुंबईत जाऊन मागावा लागत नाही. जिल्हा वार्षिक योजनेतील तीन टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचे राज्याचे धोरण आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांतील ग्रामपंचायतींना पेसाचा (आदिवासी क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्याखालचा) पाच टक्के निधी थेट मिळतो. हा पैसा कशावर खर्च झाला हे माहिती अधिकारात विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मी पाहिलेल्या आराखड्यांत दहा टक्क्यांच्या निधीतून अंगणवाडीला खुर्च्या, पंखा आणि रंगरंगोटी मिळालेली असते. गोष्टींची पुस्तके, ठोकळे किंवा सेविकेच्या प्रशिक्षणाचा प्रवासखर्च त्यांत क्वचितच दिसतो. ग्रामपंचायत विकास आराखड्याची प्रक्रिया २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास सुरू होते, तेव्हा त्या ग्रामसभेत आणि तिच्या आधीच्या महिला सभेत ठराव मांडावा. सप्टेंबरमध्ये दिलेल्या निवेदनाला असे वीस-पंचवीस ग्रामपंचायतींचे ठराव मागाहून जोडले तर ते मंत्रालयात बाजूला ठेवणे कठीण जाते.

मानधनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २०२४ मध्ये सेविकांचे मानधन १०,००० वरून १३,००० रुपये आणि मदतनिसांचे ५,५०० वरून ७,५०० रुपये झाले, तरी त्यातील केंद्राने मान्य केलेली रक्कम २०१८ पासून सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनिसासाठी २,२५० रुपयेच आहे आणि तीही केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात वाटून घेतात. त्यामुळे वाढीचा भार मुख्यतः राज्यावर पडतो आणि वित्त विभाग हात आखडता घेतो. दर्जाची मागणी करताना सेविकांच्या संघटनांना सोबत घ्यावे. त्यांना वगळून केलेली दर्जाची भाषा त्यांच्यावरच्या तपासणीची भाषा ठरेल आणि आपण ज्यांच्या बळावर हे काम उभे करणार त्याच दुरावतील.

हेकमन यांच्याविषयी: त्यांच्या अंदाजानुसार पेरी प्रीस्कूल प्रकल्पातील परतावा वार्षिक सात ते दहा टक्के होता, आणि हा आकडा वित्त विभागातील माणसाला भावतो हे खरे आहे. मात्र १९६० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगनमध्ये झालेल्या त्या अभ्यासात एकूण १२३ मुले होती, त्यांतील निम्म्यांहून थोडी कमी प्रत्यक्ष वर्गात होती, पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत असे. हा परतावा मुलांना खोलीत नुसते बसवून आलेला नाही. तेव्हा आकडा द्यायचा असेल तर त्यासोबत ही परिस्थितीही द्यावी, म्हणजे तोच पुरावा कमी पटाच्या वर्गासाठी आणि प्रशिक्षणासाठी वापरता येईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही निवेदनातील मागण्या आता तीनच ठेवत आहोत: सकाळचे राखीव दोन तास, स्थलांतरित मुलांसाठी मुक्कामाच्या गावातील वर्ग, आणि अंगणवाडी व खासगी बालवर्ग या दोहोंना लागू होईल असा राज्याचा कायदा. इमारतींची मागणी ग्रामपंचायतींच्या ठरावांकडे सोपवू. हेकमन यांचा उल्लेख परिशिष्टात जाईल. पर्यवेक्षिका ताई, मसुदा अंतिम करण्यापूर्वी आम्हाला दिंडोरी भागातील काही अंगणवाड्या आणि बागेवरची मुक्कामाची ठिकाणे प्रत्यक्ष पाहायची आहेत. केव्हा यावे आणि कोणाची परवानगी घ्यावी?

उत्तर – निवृत्त पर्यवेक्षिका, दिंडोरी

बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आधी पत्र द्या आणि त्याची प्रत संबंधित बीटच्या पर्यवेक्षिकेला द्या, नाहीतर सेविकांना वाटेल की तपासणी आली आहे आणि त्या तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाहीत. जानेवारीच्या मध्यानंतर या, तेव्हा काढणी सुरू झालेली असते आणि मुक्कामाला कुटुंबे असतात. अंगणवाडीत सकाळी वर्ग सुरू होण्याआधी पोहोचा आणि मुलांना खाऊ वाटू नका, कारण मग सकाळ त्यातच जाते. बागेवर मात्र संध्याकाळी जा. दिवसा आयांना कामावरून उठवले तर त्यांची मजुरी बुडते. महिन्याची बीट बैठक ज्या दिवशी असेल तो दिवस टाळा, त्या दिवशी सेविका केंद्रावर भेटणार नाहीत. तारीख ठरली की इथेच कळवा, मी सोबत येईन.